आईच्या बाजूची काच

“अर्ध्या तासाचं काम आहे,” दादा म्हणाला, आणि भाजी चिरता चिरता त्याच्या बायकोने सुरी खाली ठेवली.

दादाच्या तोंडून हे वाक्य आजवर ज्या ज्या कामाबद्दल निघालं, त्यांची यादी तिला तोंडपाठ आहे. स्वयंपाकघरातला गळका नळ: चार दिवस, त्यातले दोन शेजाऱ्यांकडून पाणी आणण्यात गेले. बाथरूमच्या दाराची कडी: तीन दिवस, पैकी एक अख्खी दुपार दादाने आत अडकून काढली. भिंतीवरचं घड्याळ त्याने दुरुस्त केलं त्याला आता दोन वर्षं होतील. ते चालतं, नाही असं नाही. फक्त कुठल्या गावची वेळ दाखवतं ते अजून कुणाला कळलेलं नाही.

दादा अठ्ठावन्न वर्षांचा, आणि पेशाने ग्रंथपाल. जगातली कुठलीही गोष्ट पुस्तक वाचून करता येते असा त्याचा ठाम विश्वास आहे, आणि करून बघितल्यावरही तो ढळत नाही. त्या मंगळवारी दुपारी तो वाचनालयातून आला तोच काखेत मोटारदुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक मारून.

काम होतं गाडीच्या काचेचं. पुढच्या दाराची, चालकाच्या शेजारी आई बसते त्या बाजूची, बटणावर वरखाली होणारी काच सोमवारी अर्ध्यावर येऊन अडली होती. बटण दाबा, ओढा, त्याला चुचकारा, काच ढिम्म हलायला तयार नाही. एरवी कुणी हे एवढं मनावर घेतलं नसतं. पण शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

आईचं वय एकोणऐंशी. गेली चार वर्षं तिला सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसत होतं, तरी तिने ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली होती. एकदा गुडघा दुखतो म्हणून, आणि एकदा फोनवर डॉक्टरांचा आवाज बसल्यासारखा वाटला म्हणून. खरी गोष्ट एवढीच की ती मनातून भयंकर घाबरली होती, आणि घाबरले असं कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं. या वेळी मात्र डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. ही तारीख चुकली तर पुढची तीन महिन्यांनी, आणि मोतीबिंदू इतका पिकलाय की तोवर थांबलात तर मी कशाचीच खात्री देणार नाही.

अशात काच अडली आणि आईला एकदम हुरूप आला. ऑपरेशननंतर डोळ्याला वारा-धूळ लागू द्यायची नाही असं डॉक्टरच म्हणाले होते ना? मग उघड्या खिडकीतून घरी कशी यायची? मागे बसलं की तिला मळमळतं. परक्या गाडीत ती बसत नाही. तेव्हा काच वर झाली तर ठीक, नाहीतर बघू पुढच्या वर्षी, असं तिने जाहीर केलं आणि निवांत झोपायला गेली.

आता एवढं सोपं काम अवघड करून ठेवायला एकटा दादा पुरेसा होता. पण दादाला एक धाकटा भाऊही आहे.

त्याला घरात छोट्या म्हणतात. छोट्या बावन्न वर्षांचा, सहा फूट उंच, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो. तो वरच्या मजल्यावर राहतो, दादा आणि आई खालच्या. गाडी दोघांत एक. दादा उंचीने बेताचा, त्यामुळे दादाने गाडी चालवली की सीट पुढे यायची आणि छोट्याने चालवली की मागे जायची, आरशाचंही तेच. अकरा महिन्यांपूर्वी एका दुपारी दादाने आरशात मागचा रस्ता बघायला मान वर केली तर त्याला गाडीचं छत दिसलं. त्यावर तो काहीतरी बोलला. त्यावर छोट्या काहीतरी बोलला. मग लहानपणची एक सायकल निघाली, शाई सांडलेली एक वही निघाली, आणि त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत.

एका घरात राहून न बोलणं हे काही खायचं काम नाही, पण त्यांनी ते जमवलं होतं. दादाचं वाचनालय सकाळी आठ ते दोन, छोट्याचं दुकान दुपारी एक ते सात. गाडी सकाळी छोट्याकडे आणि दुपारनंतर दादाकडे. समोरासमोर आलेच, तर एक तिसरीच जमात बोलण्यात यायची. तिचं नाव ‘काही लोक’. दादा भिंतीकडे बघून म्हणायचा की काही लोकांना जिन्यातला दिवा बंद करायचं कळत नाही, आणि छोट्या कुंडीकडे बघून म्हणायचा की काही लोकांना दुसऱ्यांचे दिवे बघण्यावाचून उद्योग नाही.

दोघी जावांचं मात्र छान जमतं. पहिला महिनाभर त्यांनी बिचाऱ्यांनी निरोपांची ने-आण केली. पण निरोप वर पोचेपर्यंत त्यातला खोचकपणा वाढला की कमी झाला यावरून त्यांनाच बोलणी बसायला लागली. मग दोघींनी एके दिवशी हात झटकले. तुमचं तुम्ही बघा, यापुढे आमच्या तोंडून निरोप जाणार नाही. आणि हा नियम त्यांनी असा पाळला की वरच्या मजल्यावर आग लागली असती तरी धाकटीने खाली येऊन कारण न सांगता फक्त बादलीभर पाणी मागितलं असतं.

तर मंगळवारी दादाने गाडी अंगणात घेतली आणि टपावर पुस्तक उघडलं. दाराचं आतलं पॅनेल काढताना घाई करू नये, असं त्यात होतं. दादाने घाई केली नाही. हँडलच्या मागचा स्क्रू काढला, हात टेकायच्या जागेखालचे दोन काढले, आणि प्रत्येकाला वाचनालयातली चिठ्ठी चिकटवली: दार/१, दार/२, दार/३. पॅनेल कडेने क्लिपांवर बसवलेलं असतं, ते चपट्या पात्याने हळूच उचकटायचं. हळूच उचकटता उचकटता दोन क्लिपा तुटल्या. त्यांनाही चिठ्ठ्या मिळाल्या: मयत/१, मयत/२.

पॅनेल निघालं, मागचं चिकटवलेलं प्लॅस्टिक सोललं, आणि दादाने जन्मात पहिल्यांदा दाराचं पोट पाहिलं. आत काच उचलणाऱ्या पट्ट्या होत्या, मुठीएवढी एक मोटर होती, आणि त्या मोटरीचा प्लग अर्धवट बाहेर लोंबत होता. निघणारच. भांडण झाल्यापासून आईला गाडीत बसवलं की दोघंही भाऊ तिच्या बाजूचं दार असं आपटायचे, की दुसऱ्याला त्याच्या मजल्यावर ऐकू जावं. अकरा महिने हादरे खाऊन प्लगने मान टाकली होती.

दादाने प्लग आत दाबला. चालकाच्या बाजूचं बटण ओढलं. काच सरसर वर गेली. घड्याळात अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पॅनेल बसवायला दोन क्लिपा हव्या होत्या, आणि त्या उद्याशिवाय मिळणार नव्हत्या. तोवर कुणी काच खाली करून ठेवू नये म्हणून दादाने तो प्लग पुन्हा काढला. त्याला चिठ्ठी मात्र लावली नाही, कारण तो आपल्या जागीच लोंबत होता, आणि जागेवरच्या वस्तूची नोंद करायची वाचनालयात पद्धत नाही. पॅनेल मागच्या सीटवर ठेवलं, बायकोला सांगितलं की झालं. आता प्लगचं सांगायला हवं होतं ते छोट्याला, आणि छोट्याशी तर बोलणं नाही.

संध्याकाळी आई काठी टेकत अंगणात आली.

“झालं नाही ना अजून?” तिने आशेने विचारलं.

झालंच म्हण, असं दादाने सांगितल्यावर तिचा चेहरा एवढासा झाला.

आता बुधवारी सकाळी काय झालं ते मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, कारण दादाला ते कळायला गुरुवारची संध्याकाळ यावी लागली. छोट्या गाडीपाशी आला आणि बघतो तर दार सोललेलं, पॅनेल मागच्या सीटवर पडलेलं, काच वर आणि बटण मेलेलं. त्याने सरळ अर्थ लावला. काही लोकांनी नको तिथे हात घातलाय, मोटर जाळलीय, काच हाताने कशीबशी वर सरकवलीय, आणि आता लाजेने गप्प बसलेत. आईची काळजी छोट्याला दादाइतकीच होती. दादाच्या हातगुणावर मात्र त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याने तीन बोल्ट काढले आणि मोटर बाहेर ओढली. प्लग आधीच सुटलेला बघून त्याला बरंच वाटलं, तेवढंच एक काम वाचलं. मोटर निघाली तशी काच सुळकन खाली जाऊन दारात बसली. मोटर पिशवीत घालून छोट्याने ती दुकानाशेजारच्या पंखेवाल्याकडे दिली. पंखेवाला म्हणाला, हिला काही झालेलं नाही. छोट्या म्हणाला, नीट बघ. पंखेवाल्याने नीट बघितलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मग छोट्या म्हणाला, असू दे, तरी दुरुस्त कर. पंखेवाल्याने ती घासूनपुसून ग्रीस लावून चकाचक करून ठेवली.

दुपारी दादा क्लिपा घेऊन आला तर काच जागेवर नाही.

फुटली म्हणावं तर खाली एक तुकडा नाही. त्याने वाकून दारात डोकावलं, काच तळाशी सुखरूप होती. मग त्याने आपली यादी काढून एकेक वस्तू तपासली. दार/१ ते दार/३ हजर. मयत दोघेही जागेवर. मोटर गायब. दादाने निष्कर्ष काढला. चोर आला होता, आणि अख्खी गाडी सोडून, मागच्या सीटवरची चांगली छत्री सोडून, एक मोटर घेऊन गेला होता. असला चोर त्याने कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

सकाळी कुणी आलं होतं का, असं त्याने बायकोला विचारलं.

“घरचं की बाहेरचं?” तिने सावधपणे विचारलं.

“बाहेरचं. घरचं कशाला येईल?”

“बाहेरचं कुणी नाही आलं,” ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

दादाने चोराच्या मागे लागण्यात वेळ घालवला नाही. मोडक्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका माणसाकडे तो तडक गेला. कुठल्या बाजूची मोटर हवी, असं त्या माणसाने विचारलं. दादाने सांगितलं, आईच्या बाजूची. त्या माणसाने दादाकडे थोडा वेळ नुसतं बघितलं, मग ढिगात हात घालून लागेल ती एक काढून दिली. ती गंजलेली होती आणि चालकाच्या दाराची होती, पण हे दादाला कुठून कळणार? पुस्तकात दोन्ही बाजूंना मिळून एकच चित्र होतं.

तासभर खटपट करून, दोन ठिकाणी लाकडाच्या पाचरी ठोकून, त्याने मोटर बसवली. बटण वर ओढलं, काच तळालाच राहिली. खाली दाबलं, वर आली. पुन्हा वर ओढलं, खाली गेली. दादाने पुस्तक चाळलं, पुस्तक यावर गप्प होतं. मग त्याने असा विचार केला की काच हलते हे महत्त्वाचं, आणि माणसाला आधी माहीत असलं की झालं. त्याने एक चिठ्ठी घेतली, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वर म्हणजे खाली. खाली म्हणजे वर.’ आणि ती बटणाखाली चिकटवली. नव्या क्लिपांवर पॅनेल बसवलं, काच वर घेतली, हात धुतले. आईला त्याने सगळं समजावून सांगितलं. अशा गाडीतून ऑपरेशनला गेलेलं चालतं का ते एकदा डॉक्टरांना विचारून घे, असं आई म्हणाली.

गुरुवारी सकाळी छोट्या चकाचक मोटर घेऊन अंगणात आला, तर दार बंद करून ठेवलेलं आणि बटणाखाली दादाच्या अक्षरातली चिठ्ठी. ‘वर म्हणजे खाली’ हे त्याने तीनदा वाचलं. आपण वर राहतो, तेव्हा हा टोमणा आपल्यालाच आहे, एवढं त्याला समजलं. तो मुकाट पॅनेल काढायला बसला. आत बघतो तर जिथून त्याने काल मोटर काढली होती, तिथे मोटर होती.

छोट्याने आधी आपली पिशवी उघडून बघितली. त्याची मोटर पिशवीतच होती. मग ही कुठून उगवली? बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्याला वाटलं की समजलं. आपण मोटर दुरुस्तीला नेली हे काही लोकांना कळलं, आणि धाकट्या भावाचे उपकार नकोत म्हणून त्यांनी मुद्दाम दुसरी आणली. तीही गंजकी. छोट्याला मनापासून वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो चिडतो. त्याने ती मोटर पाचरींसकट उपटून डिकीत टाकली, आपली बसवली, प्लग लावला, काच वर घेतली, पॅनेल ठोकून बसवलं. चिठ्ठीला त्याने रागाने हातसुद्धा लावला नाही.

म्हणजे गुरुवारी दुपारी बारा वाजता त्या गाडीत कसलाही बिघाड नव्हता. फक्त ते सांगायला कुणी नव्हतं.

दुपारी तीन वाजता दादाने आईला हाताला धरून गाडीपाशी आणलं. तिची खात्री पटवायची, म्हणजे उद्या सकाळी कटकट नको. खुर्चीत बसवून तो म्हणाला, आता लक्ष दे, मी वर ओढलं की खाली येईल. त्याने वर ओढलं. काच आधीच वर होती, ती तिथेच राहिली. त्याने खाली दाबलं. काच खाली गेली.

“गेली ना खाली?” आई म्हणाली. तिला दिसलं नव्हतं, आवाजावरून कळलं होतं. तिचा चेहरा उजळला. “मी म्हणतच होते.”

दादाने चिठ्ठी वाचली. अक्षर त्याचंच होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही चिठ्ठी चुकीची लिहिली नव्हती. त्याने नवी चिठ्ठी घेतली, त्यावर ‘वर म्हणजे वर’ असं लिहिलं, आणि लिहिल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. त्याने पॅनेल काढलं. आत काल बसवलेली गंजकी मोटर नव्हती. तिच्या जागी एक स्वच्छ, ग्रीस लावलेली, नुकती न्हाऊन आल्यासारखी मोटर बसली होती.

दादा जमिनीवरच बसला. परवा मोटर होती, काल नव्हती, मग जुनी आली, आणि आज ती तरुण झाली. चोराने नेलेली मोटर साफ करून परत आणून बसवली असेल, तर तो चोर कसला? आणि तसं नसेल, तर मग काल आपण काय बसवलं? गेल्या महिन्यात त्याला चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता, ते त्याला आठवलं, आणि आपण विसरायला लागलो की काय असं वाटलं. काल आपण मोटर आणली होती हे तुला आठवतंय ना, असं त्याने बायकोला आत जाऊन हळूच विचारलं. मी मोटर बघितली नाही, असं तिने सांगितलं. तेही खरं होतं. तिला धाकट्या जावेबरोबर इस्पितळासाठी टॉवेल आणि औषधं आणायला बाहेर पडायचं होतं, ती गेली.

दादाला आता मोटर बाहेर काढून हातात घेऊन बघितल्याशिवाय चैन पडेना. त्याने काच पुन्हा वर घेतली आणि बोल्ट ढिले करायला घेतले. त्या भरात मोटरीचे सोडून, काच ज्या पट्टीवर उभी असते तिचेच दोन बोल्ट त्याने सोडवले. काच कलंडली. ती खाली आपटू नये म्हणून त्याने झटकन दाराच्या भोकातून आत हात घातला आणि बोटांच्या टोकांवर तिला तोलून धरलं. हात कोपरापर्यंत आत गेला, आणि मनगटावरचं घड्याळ आतल्या पट्टीत असं अडकलं की हात ना पुढे जाईना ना मागे येईना.

दादा गुडघ्यांवर, गाल दाराला टेकलेला, एक हात दाराच्या पोटात. दुसऱ्या हाताने त्याने काचेची वरची कड धरायचा प्रयत्न केला, पण तिथवर तो पोचत नव्हता. काच सोडली तर फुटणार होती. फुटली तर उद्याचं ऑपरेशन गेलं.

“सोड ना,” आई खुर्चीतून मायेने म्हणाली. “फुटली तर फुटली. तुझ्या हातापेक्षा का जास्त आहे ती?”

त्याच वेळी फाटक वाजलं. उद्याच्या तयारीसाठी छोट्या दुकानातून लवकर आला होता. आत येऊन तो दादाला बघत उभा राहिला.

दादाने गाडीच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाला, कुणी वरून काच धरली तर बरं होईल. छोट्याने कुंडीकडे बघितलं आणि म्हणाला, कुणी नीट सांगितलं तर धरता येईल. काही लोकांना डोळ्यांनी दिसत असून सांगावं लागतं, दादा चाकाला म्हणाला. काही लोकांचं तोंड दुखतं, छोट्या कुंडीला म्हणाला.

काच बोटभर सरकली.

“छोट्या, धर रे तिला!” दादा ओरडला.

“धरली, दादा, धरली,” छोट्या म्हणाला. दोन ढांगांत येऊन त्याने भिंग धरावं तशी दोन्ही तळव्यांत काच धरली होती. “तू सोड आता.”

अकरा महिन्यांनी बोललो हे दोघांच्याही लक्षात आलं.

“हात निघत नाहीये,” दादा म्हणाला. “घड्याळ अडकलंय.”

“मग काढ घड्याळ.”

“कुठल्या हाताने? हा बाहेरचा पोचत नाही. तू काढ.”

“मी काच धरलीय.”

म्हणजे दादाला हात काढता येत नव्हता आणि छोट्याला काच सोडता येत नव्हती. आईला दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी तिने मदत केली असती असं सांगता येत नाही. बायका येईपर्यंत दोघांना तसंच राहायचं होतं, आणि तसं राहून गप्प बसणं कठीण होतं.

“बुधवारी आपल्याकडे चोरी झाली,” दादाने हळू आवाजात सांगितलं. “मोटर गेली दारातली.”

“चोरी कसली? मी नेली दुरुस्तीला. तू जाळली होतीस ना.”

“जाळली? छान चालत होती. मी प्लग काढून ठेवला होता फक्त.”

“कशाला?”

“कुणी काच खाली करू नये म्हणून.”

“कुणी म्हणजे कुणी?”

“म्हणजे तूच,” दादा दाराला म्हणाला.

छोट्याने काच जरा घट्ट धरली. मग त्याने विचारलं, “आणि ती गंजकी तू मला डिवचायला आणलीस?”

“तुझा काय संबंध? मला वाटलं चोराने नेली. कुठंय ती?”

“डिकीत.”

“म्हणजे ती खरंच होती,” दादा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला दुपारपासून काय वाटत होतं तुला काय सांगू. अरे, एक शब्द बोलला असतास तर काय झालं असतं?”

“तूच बोलला असतास तर?”

“नीट भांडा,” आई खुर्चीतून म्हणाली. “हातवारे करून भांडा.” पण कुणीही काच सोडली नाही.

अर्ध्या तासाने दोघी जावा पिशव्या घेऊन आल्या आणि ते दृश्य बघून फाटकातच थांबल्या. आधी त्या पोट धरधरून हसल्या, मग थोरलीने आत बोटं घालून घड्याळाचा पट्टा सोडवला. दादाने पुस्तकातून वाचायचं आणि छोट्याने करायचं असं ठरलं, आणि दहा मिनिटांत काच पट्टीवर बसली, प्लग घट्ट झाला, पॅनेल लागलं. बटण वर ओढल्यावर काच वर गेली आणि खाली दाबल्यावर खाली आली. दोघा भावांनी ते आठदहा वेळा करून बघितलं.

आई केव्हाच उठून आत गेली होती. दोघं मागोमाग गेले. ती पलंगावर बसली होती आणि इस्पितळाच्या पिशवीतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवायला काढत होती.

“काच झाली, आई,” दादा म्हणाला.

“कळलं मला,” ती म्हणाली. मग बराच वेळ हातातल्या लुगड्याची घडी घालत राहिली. “मला भीती वाटते रे. डोळ्यात सुई घालतात म्हणे.”

एवढ्या वर्षांत तिने असं कधी म्हटलं नव्हतं. दोघं तिच्या दोन्ही बाजूंना बसले. त्यांनी तिला काय काय सांगितलं ते काही फार शहाणपणाचं नव्हतं. दादा वाचलेलं सांगत होता, छोट्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या हकिकती सांगत होता, आणि मध्येच दोघं एकमेकांना दुरुस्त करत होते. शेवटी तिने विचारलं की उद्या दोघंही येणार का. दोघंही येणार म्हटल्यावर तिने कपडे पुन्हा पिशवीत भरले.

शुक्रवारी छोट्याने गाडी चालवली, आई शेजारी बसली, दादा मागे. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. काच बंद, डोळ्यावर पट्टी, अशी ती घरी आली. सगळीकडे आनंदीआनंद होता, आणि दादा भेटेल त्याला दार कसं उघडायचं ते समजावून सांगत होता.

शनिवारी डॉक्टरांनी पट्टी काढली. आईने पापणी किलकिली केली, मग डोळा पूर्ण उघडला. तिने छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, डॉक्टरांच्या खिशातलं पेन बघितलं. मग समोर बाकावर हात जोडल्यासारखे बसलेले दोघं भाऊ बघितले. एकाचं पार टक्कल पडलेलं आणि मिशा पांढऱ्याशुभ्र. दुसऱ्याच्या डोळ्यांखाली पिशव्या आलेल्या, केस राखेच्या रंगाचे. ती एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली.

“तुम्ही दोघं इतके म्हातारे कधी झालात रे?” ती म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते तेव्हाच दिसलं.

“मला वाटत होतं, घरात पोरं भांडतायत,” आई म्हणाली. “म्हटलं, पोरंच ती. आज भांडतील, चार दिवसांनी गोड होतील. म्हणून मी मध्ये पडले नाही. अरे, पण तुमच्याकडे भांडायला तेवढा वेळ उरलाय का?”

दादाने डोक्यावरून हात फिरवला. छोट्या खाली बघायला लागला. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि विचारलं, “आजी, दुसऱ्या डोळ्याचं कधी करू या? तीन महिन्यांनी, का आणखी थोडं थांबायचं?”

“थांबायचं कशाला?” आई म्हणाली. “येत्याच आठवड्यात उरकून टाका. हे दोघं गाडी चालवू शकतायत तोवर.”